विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर जायचंय, पण माझं सगळं काम मराठी टायपिंगचं आहे. जमेल का?

वैशाली_मिरज

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१६ सालचा लॅपटॉप आहे, इंटेल आय५ सहावी जनरेशन, ८ जीबी रॅम, आणि १ टीबीची जुनी हार्डडिस्क (एसएसडी नाही). विंडोज १० आहे आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ टाकायला गेलं की हा प्रोसेसर चालणार नाही असं सांगतं. लॅपटॉप तसा ठणठणीत आहे, स्क्रीन, कीबोर्ड सगळं छान, आणि चालती वस्तू केवळ कुणीतरी तारीख ठरवली म्हणून भंगारात घालायला माझं मन होत नाही. भाचा म्हणतो मावशी लिनक्स मिंट टाक, विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, फुकट आहे आणि याच मशीनवर पळेल. पण तो पुण्यात, मी इथे, आणि मी लिनक्स अजून कधी पाहिलेलंही नाही.

मी घरून टायपिंगची कामं घेते. पीएचडीचे प्रबंध, एका वाचनालयाचं त्रैमासिक, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल असं. मराठी टायपिंगची परीक्षा पास आहे त्यामुळे हात रेमिंग्टनवर (टाइपरायटरच्या कळांची जुनी मांडणी) बसलाय, बघायची गरजच पडत नाही. नवीन काम वर्डमध्ये युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) करते, पण जुन्या फाइली ढीगभर आहेत, काही वर्डमध्ये श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आणि त्रैमासिकाचे जुने अंक तर पेजमेकरमध्ये (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर). त्या परत परत लागतात, कुणी ना कुणी मागच्या अंकातला लेख मागतंच. शिवाय एक साधा लेझर प्रिंटर आहे, आणि मुलगी बारावीला आहे, तिचे ऑनलाइन क्लास याच लॅपटॉपवर असतात.

तर मिंट घ्यावं की उबुंटू (लिनक्सचाच दुसरा प्रकार), मराठीचं काय होईल, आणि एवढं करून नाही जमलं तर परत येता येईल का, हे तीन प्रश्न. कृपया सोप्या भाषेत सांगा.

राजू_दादर

वैशालीताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो म्हणजे तुमची भीती जाईल. काहीही न पुसता, काहीही इन्स्टॉल न करता तुम्ही मिंट आधी चालवून बघू शकता. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाईल, रिकामाच घ्या), मिंटच्या अधिकृत साइटवरून सिनॅमन एडिशनची (मिंटचं नेहमीचं रूप) आयएसओ फाइल (पूर्ण सिस्टिमची एकच फाइल) उतरवा, साधारण ३ जीबीची आहे, आणि रुफस किंवा एचर नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहा. मग लॅपटॉप चालू होताना एफ१२ किंवा एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे बटण वेगळं असतं, ते दाबून पेनड्राइव्ह निवडा. समोर पूर्ण डेस्कटॉप येईल. खाली डावीकडे मेन्यू, पट्टीवर घड्याळ, फोल्डर, सगळं विंडोजवाल्या माणसाला ओळखीचं वाटेल असं. याला लाइव्ह सेशन म्हणतात. हार्डडिस्कला हात लागत नाही, पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं की तुमचं विंडोज जसंच्या तसं.

या लाइव्हमध्ये चार गोष्टी तपासा आणि मगच पुढचं ठरवा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का (मुलीच्या क्लाससाठी), आणि प्रिंटरवर टेस्ट पेज निघतं का. पेनड्राइव्हवरून चालतंय म्हणून जरा हळू वाटेल, त्यावरून स्पीड ठरवू नका.

मिंट की उबुंटू म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, नव्या माणसाने मिंट घ्यावं. आतून ते उबुंटूच आहे, मिंट २२ ची सगळी मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. उबुंटूचा चेहरामोहरा वेगळा आहे, डावीकडे उभी पट्टी, मेन्यूची पद्धत वेगळी, आणि तुम्हाला आत्ता ते नव्याने शिकत बसायला वेळ नाहीये, तुम्हाला काम करायचंय.

आयएसओ फक्त अधिकृत साइटवरून घ्या आणि चेकसम (फाइल अस्सल आहे का ते सांगणारा लांब आकडा) जुळवून बघा, कंटाळा करू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइटच हॅक झाली होती आणि एक-दोन दिवस लोकांना छेडछाड केलेली आयएसओ मिळत होती. चेकसम कसा जुळवायचा ते मिंटच्याच इन्स्टॉलेशन गाइडमध्ये पायरी पायरीने दिलंय.

साधना_के

मी स्वतः डीटीपीवाली आहे आणि आता पूर्ण लिनक्सवर काम करते म्हणून मराठीचा भाग मी घेते, बाकीचं राजूदादांनी छान सांगितलंय.

वैशालीताई, तुमचा खरा प्रश्न लिनक्स नाहीये, जुन्या फाइली आहेत. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी हे जे जुने फॉन्ट आहेत त्यात कॉम्प्युटरच्या लेखी मराठी अक्षर नसतंच. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की एबीसीडी आणि स्वल्पविरामांचा गोंधळ दिसतो. हे विंडोजवरही होतं, तुम्ही कुणाला फाइल मेल केली असेल तर अनुभव असेलच. लिनक्सवर फॉन्ट कॉपी केला तर अक्षरं दिसतील बहुतेक, पण फॉन्टचं लायसन काय म्हणतं ते बघा, आणि दिसली तरी त्यात शोधता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही. आज ना उद्या ते सगळं युनिकोडमध्ये आणावंच लागणार आहे, मग मिंटचं निमित्त करून आत्ताच आणा.

आणि हे काम विंडोज जागेवर असतानाच करा, हे मी हात जोडून सांगते. वर्डमधल्या फाइलींचा मजकूर श्रीलिपी ते युनिकोड कन्व्हर्टरमधून काढायचा. श्रीलिपीत फॉन्टचे वेगवेगळे संच आहेत आणि प्रत्येकाची आतली मांडणी सारखी नसते, त्यामुळे आधी फाइलमध्ये कुठला फॉन्ट आहे ते नावानिशी बघा आणि तोच कन्व्हर्टरमध्ये निवडा. मग एक पान नीट डोळ्यांखालून घाला. रफार, ऱ्य-ऱ्ह (दुसऱ्या, तऱ्हा हे शब्द मुद्दाम शोधा), श्र, ज्ञ, आणि पहिली वेलांटी या पाच जागी गडबड असते. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये नंतर येते, म्हणून जोडाक्षरासोबत आली की कन्व्हर्टर चुकतात. एकदा चुकीचा पॅटर्न कळला की फाइंड रिप्लेसने पटापट होतं. आकडेही बघा, अहवालातल्या रकमा फार महत्त्वाच्या.

पेजमेकरचं जरा वेगळं. पेजमेकर ७ हा शेवटचा, २००१ चा, त्याला युनिकोड येतच नाही. प्रत्येक अंकाची आधी पीडीएफ करून ठेवा, म्हणजे अंक जसा छापला तसा कायमचा वाचता येईल. मग मजकूर एक्सपोर्ट करून वरच्यासारखा कन्व्हर्ट करा. लिनक्सवरचं लिब्रेऑफिस ड्रॉ (फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमधलं चित्रांचं) आणि स्क्रायबस (पानं लावायचं फुकट सॉफ्टवेअर) पेजमेकरची फाइल उघडतात, पण मांडणी हलते, त्यामुळे त्यावर विसंबू नका. पुढचे अंक करायला मात्र स्क्रायबस जरूर बघा. पूर्वी त्यात देवनागरी जोडाक्षरं तुटायची, १.६ आवृत्ती २०२४ च्या जानेवारीत आली त्यात नीट येतात. मी त्यातच अंक लावते, सीएमवायके (छपाईच्या चार रंगांची) पीडीएफ निघते, प्रेसवाल्याला अडचण येत नाही.

आता कीबोर्ड. मिंटमध्ये कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन लेआउटमध्ये मराठी निवडलं की इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळांची मांडणी) लगेच चालू, काही डाउनलोड नाही, लायसन नाही, डोंगल नाही. मराठी कगप फोनेटिकही (उच्चाराप्रमाणे टाइप करायचं) तिथेच असतं. रेमिंग्टनची गोष्ट तेवढी सोपी नाहीये आणि ती तुम्हाला आधीच कळलेली बरी. आयबस (इतर भाषा टाइप करायची सोय) आणि त्याचं एम१७एन नावाचं पॅकेज टाकलं की हिंदी रेमिंग्टन मिळतं. ते हिंदीचं आहे, त्यामुळे ९० टक्के हात बसेल आणि काही कळांवर अडखळाल. तो लेआउट म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल असते, तिची कॉपी घेऊन आपल्या कळा बदलता येतात, भाच्याला सांगा, इंजिनियर असेल तर त्याला जमेल.

पण माझं मनापासून मत विचाराल तर इन्स्क्रिप्ट शिका. तो भारत सरकारचा प्रमाण लेआउट आहे, १९९१ च्या भारतीय मानकात आहे, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे आपोआप असतो, आणि स्वर डावीकडे व्यंजनं उजवीकडे अशी त्याची रचना इतकी तर्काला धरून आहे की टायपिंग येणाऱ्या माणसाला तो चटकन उमगतो. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकाच कळेवर, शिफ्टचा फरक. आधी विंडोजवरच सराव करा, रोज कामाच्या शेवटी थोडा थोडा, आणि स्पीड आला की मग मिंटवर या. दोन्ही बदल एकाच दिवशी अंगावर घेऊ नका, क्लायंटची कामं रखडतील आणि राग सगळा लिनक्सवर निघेल.

वैशाली_मिरज

साधनाताई खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. वेलांटीचं कारण आज कळलं, मी आपली प्रत्येक वेळी हाताने दुरुस्त करत बसायचे.

अजून एक विचारते. प्रबंध वर्डमध्येच द्यावे लागतात, मार्गदर्शक त्यात दुरुस्त्या सुचवून परत पाठवतात. मिंटवर वर्ड चालत नाही ना? आणि विंडोज पूर्ण काढायचं का दोन्ही ठेवता येतं?

शुभम_नांदेड

काकू, दोन्ही ठेवता येतात, त्याला ड्युअल बूट म्हणतात, चालू करताना विचारतं कुठलं पाहिजे. मी कॉलेजात बऱ्याच पोरांना करून दिलंय.

पण तुमच्या केसमध्ये मी वेगळं सांगतो. एक एसएसडी घ्या, २५६ जीबीची पण चालेल, आणि लॅपटॉपमधली जुनी हार्डडिस्क काढून त्या जागी बसवा, मिंट त्यावर टाका. जुनी डिस्क विंडोज आणि सगळ्या फाइलींसकट जशीच्या तशी कपाटात. नाही आवडलं तर दोन स्क्रू काढले आणि डिस्क परत लावली, विंडोज हजर. फाइली लागल्या तर केसिंग मिळतं यूएसबीचं, त्यात घालून वाचायची. २०१६ च्या लॅपटॉपला खरं म्हातारपण त्या फिरत्या डिस्कनेच आलेलं असतं, एसएसडी लावली की विंडोज असो का मिंट, मशीन ओळखू येत नाही इतकं पळतं. घेताना फक्त दुकानात लॅपटॉप दाखवून अडीच इंची साटा एसएसडी मागा.

आणि तरी एकाच डिस्कवर दोन्ही करायचं असेल तर आधी सगळा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, हे पहिलं. दुसरं, विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की लिहून घ्या नाहीतर नंतर विंडोज की मागत बसेल. तिसरं, पॉवर ऑप्शनमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धं झोपतं, आणि मग लिनक्सला ती डिस्क लिहायला मिळत नाही. पार्टिशन लहान करायचं ते विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा.

ड्युअल बूटमध्ये एक गंमत होईल, घाबरू नका. मिंट वापरून परत विंडोजमध्ये गेलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स युटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं आणि विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं, एवढंच. मिंटला लोकल वेळ ठेवायला सांगणारी एका ओळीची कमांड आहे, लागली की विचारा, देतो.

वर्डचं, मिंटवर मायक्रोसॉफ्टचं वर्ड इन्स्टॉल होत नाही, ब्राउझरमधलं चालतं. लिब्रेऑफिस आधीपासून असतं. मुलीचे क्लास मीटवर असतील तर ब्राउझरमध्येच होतात, झूमचं लिनक्स ॲप आहे. व्हॉट्सॲप वेब चालतंच.

साधना_के

वर्डच्या फाइलींबद्दल शुभमच्या पुढे जोडते. लिब्रेऑफिस डॉकएक्स (वर्डची फाइल) उघडतं, सेव्ह करतं, ट्रॅक चेंजेस आणि कॉमेंट दोन्हीकडून दिसतात, तळटिपाही टिकतात. हलतात त्या ओळी आणि पानं. कारण बहुतेक वेळा फॉन्ट असतं. मंगल, निर्मला, कोकिळा हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट मिंटमध्ये नसतात, मग त्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट बसतो, त्याची रुंदी वेगळी, आणि २१२ पानांचा प्रबंध २२० चा होतो, अनुक्रमणिका चुकते. उपाय असा की काम सुरू करतानाच मोकळा फॉन्ट घ्या आणि तोच क्लायंटलाही पाठवा. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, मुक्त आहे. प्रबंधाला मला शोभिका फार आवडतो, संस्कृत अवतरणं असली तर तर विचारूच नका. दोन्ही मशीनवर एकच फॉन्ट असला की पानं बरीचशी जागेवर राहतात. छपाईची अंतिम प्रत नेहमी पीडीएफच द्या.

लिब्रेऑफिसमध्ये पहिल्याच दिवशी भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि तिथे मराठी निवडा. त्याशिवाय मराठीचा फॉन्ट आणि साइज वेगळे सेट होत नाहीत आणि नवा माणूस तिथेच वैतागतो. मी साइज १४ केला तरी अक्षर लहानच का, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

प्राध्यापक_बडोदे

मी थोडं विरुद्ध बाजूने बोलतो, वैशालीताईंनी रागावू नये. इथे सगळे उत्साहाने सांगतायत आणि सगळं बरोबरच सांगतायत, पण ज्या माणसाचं घर या लॅपटॉपवर चालतं त्याने घाई करू नये. विंडोज १० ला सामान्य लोकांसाठीसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसेही पडत नाहीत. अपडेटच्या पानावर एनरोलचा पर्याय दिसतो. ते आजच करून टाका. म्हणजे फाइली कन्व्हर्ट करायला आणि इन्स्क्रिप्टचा हात बसवायला तुम्हाला शांतपणे वेळ मिळेल.

दुसरं, कुणी पेजमेकरचीच फाइल मागणारा क्लायंट असेल, किंवा पतसंस्थेच्या कामात टॅली लागत असेल, तर ते लिनक्सवर आणायच्या फंदात पडू नका. वाइन नावाच्या सोयीने काही विंडोज प्रोग्राम चालतात हे खरं, पण ज्यावर पैसे मिळतात ते काम अशा भरवशावर ठेवायचं नसतं. जुन्या डिस्कवरचं विंडोज त्यासाठी ठेवा आणि ते वापरताना इंटरनेट बंद ठेवा. डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर त्याचं लिनक्स ड्रायव्हर मिळतं का आणि ज्या पोर्टलवर सही करायची तिथलं सॉफ्टवेअर चालतं का, हेही आधी बघा.

एवढं सांगून झाल्यावर हेही सांगतो की केरळात सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतायत, मल्याळम टायपिंगसकट. त्यामुळे आपल्या भाषेत काम होत नाही किंवा सामान्य माणसाला जमत नाही असं कुणी म्हणालं तर ते मला अजिबात मान्य नाही. मराठी शाळांत हे का होऊ नये असं मला फार वाटतं, पण तो वेगळा धागा होईल.

वैशाली_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांचं ऐकून आधी जादा अपडेटचं एनरोल करून टाकलं. भाच्याने फोनवरून सांगत सांगत पेनड्राइव्ह करून घेतला आणि काल लाइव्ह चालवलं. आवाज, कॅमेरा सगळं लगेच चालू झालं. इन्स्क्रिप्ट लावून चार ओळी टाइप केल्या, हळूहळू का होईना पण जमतंय, आणि स्क्रीनवर अक्षर इतकं स्वच्छ दिसलं की बरं वाटलं.

दोन अडचणी. वायफायची यादीच येत नाहीये. आणि प्रिंटर दिसतो, नाव दाखवतो, पण कागद येत नाही. शिवाय दुसऱ्या मधला ऱ्य इन्स्क्रिप्टमध्ये कसा काढायचा, मला र्‍ ऐवजी रफारच येतोय.

राजू_दादर

वायफायचं सोपं आहे ताई. मोबाइल केबलने लावा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, मिंटला लगेच इंटरनेट मिळेल. मग मेन्यूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो वायफायच्या चिपचं ड्रायव्हर शोधून देतो, टिक करून इन्स्टॉल. काही चिपचं ड्रायव्हर मुक्त नसल्यामुळे आधीपासून दिलेलं नसतं, म्हणून हे करावं लागतं.

प्रिंटरचं मॉडेल ओपनप्रिंटिंगच्या (लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरची साइट) यादीत शोधा. एचपीचे बहुतेक एचपीलिपने (एचपीचं लिनक्ससाठीचं ड्रायव्हर) चालतात, आणि नवीन वायफायवाले प्रिंटर ड्रायव्हरशिवायही चालतात. स्वस्त लेझरमध्ये काही मॉडेल अशी असतात की पानाची सगळी आखणी कॉम्प्युटरमधल्या ड्रायव्हरने करायची, प्रिंटर नुसता ओढणारा. त्यांना कंपनीचं ड्रायव्हर लागतंच. मॉडेल नंबर इथे टाका, बघून सांगतो. तोवर पीडीएफ करून मोबाइलवरून किंवा जुन्या डिस्कवरून प्रिंट काढा.

इन्स्टॉल झाल्यावर पहिलं काम, टाइमशिफ्ट चालू करा. ते सिस्टिमचे फोटो काढून ठेवतं, एखाद्या अपडेटने बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत नेतं. तुमच्या फाइलींचा बॅकअप मात्र त्यात येत नाही, तो वेगळा घ्या. आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये जे मिळतं ते तिथूनच घ्या, व्हिडिओत बघून टर्मिनलमध्ये न समजलेली कमांड चिकटवू नका.

साधना_के

ऱ्य साठी साधा र घेऊ नका. शिफ्ट धरून जे दाबा, तो नुक्त्याचा ऱ येतो, मग डी म्हणजे हलन्त, मग य ची कळ, स्लॅशवाली. ऱ्ह पण तसाच, शेवटी य ऐवजी ह, यू वर. साध्या र ला हलन्त दिला की रफारच होणार, सूर्य, कार्य साठी तो बरोबर आहे. ळ शिफ्ट एनवर आहे.

कन्व्हर्ट करताना कुठला श्रीलिपी फॉन्ट अडला तर फॉन्टचं नाव आणि चुकलेला एक परिच्छेद इथे टाका, माझ्याकडे फाइंड रिप्लेसच्या याद्या तयार आहेत, पाठवते.